चालती गाडी बंद का पडते?

मोटारदुरुस्तीतला एक मोठा प्रश्न आपल्या मराठीने क्रियापदाच्या दोन रूपांत नेमका पकडला आहे. ‘गाडी बंद पडली’ असे कोणी सांगितले की एक घटना घडली, एवढेच कळते. ‘गाडी बंद पडते’ असे कोणी सांगू लागला की त्याच्या आवाजातच वेगळी काळजी उमटते. बंद पडलेली गाडी ओढून गॅरेजमध्ये नेता येते. तिथेही ती बंदच असते, आणि जे कायमचे बिघडले आहे ते शोधून काढणे जाणत्या कारागिराला फारसे जड जात नाही. ‘बंद पडते’ ती गाडी मात्र डॉक्टरांच्या दारात शिरताच ज्याचा खोकला थांबतो अशा मुलासारखी वागते. कारागीर किल्ली फिरवतो आणि इंजिन पहिल्या हाकेला ओ देते. तो कान देऊन ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो, “काही नाही साहेब, गाडी उत्तम आहे.” मालक संकोचून घरी निघतो, आणि तिसऱ्या चौकात गाडी दोन आचके देऊन पुन्हा मुकाट होते.

अशा गाडीचा दोष कसा शोधावा, याविषयी आज मी बोलणार आहे. मी व्यवसायाने यंत्रज्ञ नव्हे. सरकारी नोकरीतली माझी बरीच वर्षे फायली वाचण्यात आणि कोणत्या कागदावर किती विश्वास ठेवावा हे ठरवण्यात गेली. परंतु चेन्नईला बदली झाल्यापासून मोटारगाडी आणि तिच्याभोवती जगणारी माणसे जवळून पाहण्याची संधी मिळाली. आणि दोष शोधण्याचे काम हे हातापेक्षा चौकशीचे काम अधिक आहे, असे माझे मत बनले.

या शहराचा मोटारींशी संबंध जुना आहे. १९०३ साली, चेन्नई मद्रास होती तेव्हा, इथल्या सिंप्सन आणि कंपनीने वाफेवर चालणारी एक मोटार बांधून रस्त्यावर आणली. सॅम्युअल जॉन ग्रीन या गृहस्थांचे ते काम. पुढे स्वातंत्र्यानंतर एन्नोरला अशोक मोटर्स आली, पाडीला विजेची उपकरणे करणारा लुकास टीव्हीएसचा कारखाना आला, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस इरुंगाट्टुकोट्टै व मरैमलै नगर या परिसरांत परदेशी कंपन्यांनी मोठे कारखाने उभारले. पण आजच्या विषयाला उपयोगी पडते ती त्या सर्वांची पूर्वज, ती वाफेची मोटार. कारण तिच्याजवळ एक गुण होता, जो आजच्या सर्वांत महागड्या पेट्रोल-इंजिनाजवळही नाही. ती ‘बंद पडत’ नसे. थांबत असे, एवढेच.

वाफेचे यंत्र आपली शक्ती बाष्पपात्रात साठवून ठेवते. चौकात थांबलात तर यंत्र निश्चल उभे राहते. झडप उघडलीत की साठलेली वाफ दट्ट्याला पूर्ण जोराने रेटते आणि गाडी शून्यातून निघते. पेट्रोलच्या इंजिनाजवळ अशी शिल्लक नसते. त्याचे हातावर पोट आहे. सिलिंडरमध्ये आधी हवा आणि पेट्रोल ओढून घ्यायचे, ते दाबायचे, मग ठिणगी पाडून पेटवायचे आणि शेवटी धूर बाहेर लोटायचा, अशी चार पावले. या चारांत कमाईचे पाऊल एकच. उरलेली तीन त्या एका पावलाच्या कमाईवर निभावायची. मागच्या स्फोटाचा वेग शिल्लक आहे तोवर पुढच्या स्फोटाची तयारी होते. मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या बऱ्याच खाली इंजिन आले की तो वेग पुरत नाही आणि संसार मोडतो. गाडीला क्लच लागतो तो याचसाठी: चाके थांबली तरी इंजिनाला फिरत राहता यावे म्हणून.

आता प्रमाण पाहा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. बॅटरी बारा व्होल्टची. पण ठिणगी पाडण्यासाठी वीस-तीस हजार व्होल्टचा दाब लागतो, आणि तो कॉइल नावाचा लहानसा डबा दर वेळी नव्याने निर्माण करतो. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. आकारमानात सांगायचे तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा! गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण तिचा खरा आहार हवाच आहे; पेट्रोल तोंडी लावण्यापुरते.

या शंभर ठिणग्यांपैकी चार-पाच चुकल्या, किंवा क्षणभर पेट्रोल कमी आले, तर काय होते? तोवर इंजिन चाकांना ओढत असते. आता पळती चाके इंजिनाला ओढू लागतात. गाडी मागे खेचल्यासारखी होते. पुढच्याच क्षणी स्फोट पुन्हा नीट झाले की ती पुढे उसळते. गाडीचा आचका तो हाच. गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. हा शब्द नागपूरला आणि चेन्नईला सारखाच समजतो. अशा वेळी चालकाचा पाय धक्क्याने हलतो, पायाखालचे पेडल हलते आणि आचका दुप्पट होतो. म्हणून पहिला धक्का बसताच पाय स्थिर करावा, म्हणजे गाडीचा दोष किती आणि आपल्या पायाचा किती, हे वेगळे काढता येते.

म्हणजे मूळ गरजा तीन: हवा, पेट्रोल आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. बंद पडणाऱ्या गाडीत यांपैकी एक गरज अधूनमधून भागत नाही. कोणती, एवढाच प्रश्न. पण इथेच बहुतेक ठिकाणी घाई होते. ‘काय बिघडले?’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि ‘केव्हा बिघडते?’ हा विचारलाच जात नाही. चेन्नईत तर घाईला पोषक अशीच सोय आहे. जनरल पॅटर्स रोडवर सुट्या भागांची दुकाने ओळीने उभी आहेत, आणि पुदुपेट्टैच्या गल्ल्यांत जुन्या गाड्या मोडून निघालेल्या भागांचे ढीग लागलेले असतात. हवा तो भाग तासाभरात हाती येतो. त्यामुळे विचार करण्यापेक्षा भाग बदलणे स्वस्त वाटते. पहिल्या आठवड्यात प्लग, दुसऱ्यात कॉइल, तिसऱ्यात पेट्रोलचा पंप. महिन्याअखेर अर्धी गाडी नवी झालेली असते आणि दोष जुनाच असतो.

‘केव्हा’ या प्रश्नाची उत्तरे किती बोलकी असतात, याचे काही दाखले देतो. गाडी फक्त चौकातल्या लाल दिव्यापाशी बंद पडत असेल, त्यातही वातानुकूलन चालू असताना पडत असेल (आणि चेन्नईत ते बाराही महिने चालू असते), तर पेट्रोलच्या पंपावर संशय घेण्याचे कारण नाही. भरधाव जाताना जो पंप पुरतो, तो उभ्या गाडीला का पुरणार नाही? अशा वेळी हवेची वाट तपासावी. थ्रॉटल नावाच्या झडपेच्या कडेला काजळी साचली म्हणजे पाय उचलल्यावर इंजिनाला श्वासापुरती जी चिंचोळी फट लागते तीच बुजते. ती काजळी पुसण्याने काम भागते.

उलट, गाडी सपाट रस्त्यावर सुरळीत चालते आणि चढावर आचके देते, असे असेल तर जोराची मागणी वाढताच काहीतरी अपुरे पडते आहे, हे उघड आहे. चेन्नई तशी ताटासारखी सपाट. इथे चढ म्हणजे उड्डाणपूल. १९७३ साली खुला झालेला जेमिनीचा पूल किंवा गिंडीजवळचा कत्तिपाराचा विशाल पूल, हीच इथल्या गाड्यांची परीक्षास्थाने. तिथे गाडी दमत असेल, तर पेट्रोलची गाळणी तुंबलेली असणे किंवा पंप थकलेला असणे संभवते. मात्र प्लग किंवा कॉइल अशक्त असली तरी ती चढावरच उघडी पडते, कारण दाब वाढलेल्या मिश्रणातून ठिणगी उडणे कठीण जाते. तेव्हा एकट्या चढावरून निकाल देऊ नये. याच कत्तिपाराला पानांच्या पाकळ्यांसारखी गोल वळणे आहेत. चढावर काही होत नाही, पण त्या लांब वळणावर गाडी अडखळते, आणि टाकीत पेट्रोल थोडे असते तेव्हाच अडखळते, असे दिसले तर टाकीतले पेट्रोल वळणात एका बाजूला सरून पंपाचे तोंड उघडे पडते आहे, हे समजावे. हल्लीचे पंप टाकीतच बुडवलेले असतात आणि पेट्रोलच त्यांना थंड ठेवते. काटा सदैव तळाशी ठेवून काटकसर साधणारे लोक पंपाला उन्हात उपाशी राबवत असतात.

निघताना, पहिल्या गिअरमध्ये जोर लावतानाच झटका बसतो आणि मग काही नाही, अशीही एक जात आहे. इंजिन रबराच्या बैठकींवर बसवलेले असते. जोर लावला की ते किंचित कलते. हवा नेणाऱ्या रबरी नळीला घडीत चीर गेलेली असेल तर नेमकी त्या कलण्याने ती उघडते, न मोजलेली हवा आत घुसते आणि मिश्रण पातळ होते. गाडी उभी करून तपासाल तर चीर मिटलेली आणि नळी धडधाकट. हाताने नळी वाकवून पाहिल्याखेरीज ती सापडायची नाही.

दोष पेट्रोलचा की विजेचा, याची एक ढोबळ पण उपयोगी खूण आहे. तेल संपत आलेल्या समईची ज्योत आधी फडफडते, लहान होते, पुन्हा उसळते आणि मग विझते. विजेचा दिवा बटण दाबताच जातो. पेट्रोल अपुरे पडणारी गाडी समईसारखी जाते: आधी आचके, मग अशक्तपणा, मग मरण. वीज तुटणारी गाडी बोलता बोलता जाते. पुष्कळ गाड्यांत इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा असतो. त्याची साक्ष इथे मोलाची. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही, चाके इंजिनाला फिरवतच आहेत, आणि तरीही तो काटा एकदम शून्यावर कोसळला, तर फेऱ्या मोजणारा निरोप्याच मुका झाला आहे. तो निरोप्या म्हणजे क्रँकशाफ्टचा सेन्सर. इंजिनाच्या मुख्य दांड्यावरील दाते त्याच्यासमोरून जातात आणि त्यावरून ठिणगी केव्हा पाडायची व पेट्रोल केव्हा फवारायचे, हे इंजिनाचा संगणक ठरवतो. निरोप थांबला की संगणकाच्या लेखी इंजिन उभेच आहे. मग तो ठिणगीही थांबवतो आणि पेट्रोलही.

याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. बेसंट नगरात आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ कामानिमित्त आठवड्यातून दोनदा चेंगलपट्टूला जातात. जी.एस.टी. रोडने तांबरम ओलांडले की त्यांची गाडी अचानक बंद पडे. वीस-पंचवीस मिनिटे रस्त्याकडेला उभे राहिले की आपोआप चालू होई. एका गॅरेजने प्लग बदलले. दुसऱ्याने गाळणी आणि पंप बदलला. तिसऱ्याने इंजिनाचा संगणकच गेला असावा, असे निदान करून अशी रक्कम सांगितली की गृहस्थ गाडी विकण्याच्या गोष्टी बोलू लागले. दोष वाचणारे यंत्र लावून पाहिले होते. त्यात काहीच नोंद नव्हती.

मी त्यांना सुचवले ते अगदी कारकुनी काम. एक वही करावी. प्रत्येक वेळी गाडी बंद पडली की निघून किती मिनिटे झाली, ऊन की पाऊस, टाकीत पेट्रोल किती, रस्ता चढाचा की सपाट, काटा कसा खाली आला, आणि पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागला, एवढे लिहावे. तर्क मुळीच लिहू नयेत. चार महिन्यांत पंधरा नोंदी झाल्या. त्या एकत्र वाचल्यावर दिसले ते असे: पहिल्या पंचवीस मिनिटांत गाडी एकदाही बंद पडली नव्हती. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पडली नव्हती. पेट्रोल, चढ, पाऊस यांचा काही संबंध नव्हता. आणि ज्या ज्या वेळी काट्याकडे लक्ष गेले होते, त्या त्या वेळी तो धाडकन शून्यावर आला होता.

ही वही पुदुपेट्टैजवळच्या एका वयस्क कारागिराने पाहिली. त्याने कोणताही भाग बदलला नाही. “सार, मी बरोबर येतो,” एवढेच म्हणाला, आणि पाण्याची बाटली व एक फडके घेऊन गाडीत बसला. तांबरमच्या पुढे गाडी ठरल्याप्रमाणे बंद पडली. त्याने किल्ली फिरवून मागच्या आसनाखाली कान लावला. पंपाची क्षणभराची गुणगुण ऐकू आली. म्हणजे पंप जिवंत. मग इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या सांध्यापाशी हात घालून त्याने ओले फडके त्या सेन्सरवर बसवले आणि वर थोडे पाणी सोडले. दोन मिनिटांत गाडी चालू झाली. कोणीही इथे थांबून नव्या सेन्सरचे पैसे मागितले असते. तो थांबला नाही. गाडी पुन्हा तापेपर्यंत फिरवली, पुन्हा बंद पडू दिली, आणि या वेळी फडके हातातच ठेवून म्हणाला, “अंजु निमिषम्.” पाच मिनिटे. पाच मिनिटांनी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली नाही. मग फडके ठेवले, झाली. योगायोगाची शंका त्याने अशी मिटवली. प्रयोगशाळेत ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतात, तो मी त्या दिवशी महामार्गाच्या कडेला पाहिला.

कारण साधे होते. त्या सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे असते. तारेला सूक्ष्म तडा गेला की थंडपणी तिची टोके एकमेकांना टेकलेली राहतात. तापून फाकली की वाट तुटते, निवली की पुन्हा जुळते. म्हणून गॅरेजच्या सावलीत ती गाडी निर्दोष, आणि उन्हात तासभर पळाली की दोषी. नव्या सेन्सरची किंमत आधी फुकट बदललेल्या पंपाच्या चतुर्थांशही नव्हती.

ओल्या फडक्यावरून महाराष्ट्रातल्या जुन्या मोटारवाल्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. फियाट आणि अँबॅसडर यांच्या काळात मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना गाड्या आचके देत, बंद पडत, आणि चालक बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळीत. तेव्हाचा पंप इंजिनाच्या अंगालाच असे आणि दूरच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. घाटात इंजिन तापले की नळीतच पेट्रोलची वाफ होई. द्रव ओढणारा पंप वाफेपुढे हतबल होई. ते फडके त्या काळी खरा उपाय होते. आज टाकीतला पंप पेट्रोलला वातावरणाच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे नळीत वाफ होणे दुर्मिळ झाले आहे. तरीही उन्हाळ्यात गाडी बंद पडली की “पेट्रोल तापले असेल” असा निर्णय देणारे एखादे काका प्रत्येक कुटुंबात असतातच. रोग गेला तरी त्याचे औषध सांगणारे मागे राहतात.

दोष वाचणाऱ्या यंत्राचा उल्लेख वर आला. गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत चालकाच्या पायापाशी एक खोबण असते. तिला हे यंत्र जोडले की संगणकाने टिपलेले दोषांक दिसतात. पी ०३०० म्हणजे ठिणग्या इकडेतिकडे चुकत आहेत, पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ आहे, पी ०३३५ म्हणजे क्रँकशाफ्टच्या सेन्सरचा निरोप बिघडला आहे. साधन उत्तम आहे. पण त्याचे वाचन म्हणजे फिर्याद, निकालपत्र नव्हे. मिश्रण पातळ आहे, एवढेच ते सांगते. नळीला चीर गेली म्हणून की पंप थकला म्हणून, हे सांगत नाही. आणि आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीसारखी क्षणिक तूट असेल तर ते पुष्कळदा काहीच सांगत नाही. गाडीपुढच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असतो. तो नुसता लागला तर सवडीने गॅरेज गाठावे. लुकलुकू लागला तर मात्र वेग कमी करून गाडी थांबवावी. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या शुद्धीकरण-पात्रात जाऊन पेटत असते, आणि प्लगच्या कामात त्या महागड्या पात्राचा बळी जातो.

चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात आणखी दोन साक्षीदारांना बोलवावेच लागते. पहिला खार. समुद्रावरून येणारी दमट, खारी हवा विजेच्या जोडांवर बसते. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी चढते, इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तारेची पट्टी गंजते, आणि खड्ड्यात चाक आदळले की क्षणभर सारी गाडी निर्वीज होते. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या श्रोत्यांनाही हे परिचित असेल. खड्ड्यातच बंद पडणाऱ्या गाडीचे जोड आधी घासून घट्ट करावे. खर्च जवळजवळ नाहीच.

खड्ड्यावरून किल्लीच्या कुलपाचीही आठवण झाली. घराच्या, कपाटाच्या, कचेरीच्या साऱ्या किल्ल्यांचा जुडगा गाडीच्या किल्लीला लटकवायची आपल्याकडे फार हौस. हेलकावे खाणाऱ्या त्या ओझ्याने कुलूप झिजते आणि धक्क्यासरशी किल्ली मागे सरकू शकते. ही गोष्ट क्षुल्लक नाही. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीला किल्लीच्या सदोष खटक्यापायी आधी सव्वीस लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. धावत्या गाडीत किल्ली सरकून इंजिन बंद पडे, सुकाणू जड होई, आणि अपघाताच्या क्षणी हवेच्या पिशव्या उघडत नसत. नुकसानभरपाईच्या चौकशीत १२४ मृत्यू त्या दोषाशी जोडले गेले.

दुसरा साक्षीदार पाणी. डिसेंबर २०१५ चा महापूर आणि डिसेंबर २०२३ मधले मिचाँग चक्रीवादळ यांनी या शहरातल्या असंख्य गाड्या बुडवल्या. लोक इतके धास्तावले की ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच वेलाचेरीच्या रहिवाशांनी आपापल्या गाड्या नेऊन उड्डाणपुलावर ओळीने उभ्या केल्या. मला तो शहाणपणाच वाटला. पाण्यातून निघालेली गाडी पुढे महिनोन् महिने आचके देत राहते. कधी जोडांत हिरवा गंज धरतो म्हणून, कधी टाकीत पाणी शिरलेले असते म्हणून. टाकीतल्या पाण्याचा स्वभावही आता बदलला आहे. पूर्वीच्या शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नसे. ते थेट तळाशी बसे. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल थोडेसे पाणी आपल्यात सामावून घेते, आणि ते निमूट जळूनही जाते. परंतु पाणी एका मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडते आणि पाण्यासह तळाशी जाते. पंपाचे तोंड तळाशीच असते. मग इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण पोचते. आचके न बसतील तर नवल. परीक्षा घरगुती आहे: टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल कारागिराकडून काचेच्या बाटलीत काढून घ्यावे आणि तासभर सावलीत, आगीपासून दूर, स्वस्थ ठेवावे. दोन थर दिसले तर आणखी पुरावा नको. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीत जुन्या रबरी नळ्या आणि गाळणी यांकडेही लक्ष ठेवावे. इथेनॉलने जुन्या टाकीतला मळ सुटून गाळणीत येऊ शकतो.

हे सर्व झाले सावकाश करण्याचे. गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली तर काय करावे, हेही सांगणे आवश्यक आहे. अण्णा सालैवर मागून बस येत असते, तेव्हा निदानाला वेळ नसतो. पहिली गोष्ट, घाबरून किल्ली काढू नये. किल्ली काढली की सुकाणू कुलूपबंद होते. सुकाणू जड होईल, पण वळेल. दोन्ही हातांनी जोर लावावा. ब्रेकला मदत करणारी निर्वात शक्ती एक-दोन दाबांपुरती शिल्लक असते. तेव्हा ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून ती वाया घालवू नये. क्लच दाबून गाडीला आपल्या वेगाने डावीकडे वाहू द्यावे आणि मग एकदाच, ठामपणे थांबवावे. चारही इशारादिवे त्याआधीच लावलेले असावेत. रेल्वे-फाटकात रुळांवर गाडी अडली आणि ढकलून हलत नसेल, तर माणसांना आधी बाहेर काढावे. गाडीचा विचार नंतर. रात्रीच्या वेळी बंद गाडीच्या मागे उभे राहून बॉनेटकडे टॉर्च दाखवणारी माणसे मी या महामार्गावर पाहिली आहेत. ती उभी असतात ती नेमकी मागून येणारी वाहने आदळतील त्या जागी. कठड्यापलीकडे जाऊन उभे राहावे. तिथे सुरक्षित पोचल्यावर घड्याळ पाहावे आणि घरातून निघून किती मिनिटे झाली, ते वहीत लिहून ठेवावे.